सातवी फेरी

बोरिवलीहून मुलुंडला जायला सरळ लोकल नाही. आधी फास्ट गाडीनं अंधेरी, तिथून मेट्रोनं घाटकोपर, मग मध्य रेल्वेची स्लो पकडून मुलुंड. जून २०१४ मध्ये मेट्रो धावू लागली, त्याआधी याच प्रवासाला दादरचा वळसा पडायचा. मामाकडे जायची ही वाट माझ्या पायाखालची आहे. पण यंदाच्या पावसाळ्यात मेट्रो चकाल्याला थांबली की माझ्या पोटात गोळा येतो. त्या स्टेशनातून चालत दहा मिनिटांवरच्या एका ऑफिसात मी सातपैकी सहाव्या फेरीला गेले होते. सातवी फोनवर झाली. त्यानंतर काहीच नाही. ना हो, ना नाही.

मी नऊ वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. मामा १९८८ मध्ये सीप्झमधल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागला, आणि आता निवृत्तीला टेकलेला असताना दुसऱ्या एका कंपनीत माणसं निवडणाऱ्या पॅनेलवर बसतो. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला. मी फोनवर रडवेली झाले तेव्हा तो म्हणाला होता, "अगं, सोनाराकडेही कसोटीचा दगड असतोच. घासून बघितल्याशिवाय कोण घेतं?" ते वाक्य मला आठवडाभर टोचत राहिलं. रविवारी दुपारी लेकाला सासूबाईंकडे सोडून मी मुलुंड गाठलं.

मामी गवार निवडत बसली होती. मामा जेवून आडवा झाला होता, तो उठून बसला.

"घासून बघा रे," मी चपला काढता काढता सुरुवात केली. "पण घासून झाल्यावर दागिना परत द्याल की नाही? हे सोनं आहे का पितळ, एवढं तरी सांगाल की नाही?"

"आधी पाणी पी," मामा म्हणाला. "आणि सगळं पहिल्यापासून सांग."

सांगितलं. पहिला फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या पुलावर होते, लोकलमधून मेट्रोकडे निघालेल्या गर्दीत. वीस मिनिटं एका कानात बोट घालून करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, इमिजिएट जॉइनर आहात का, याची उत्तरं दिली. मग दीड तासाची ऑनलाइन टेस्ट, कॅमेरा चालू ठेवून, नजर स्क्रीनवरून हलली की इशारा. मग एक तास टेक्निकल. मग घरी करायची असाइनमेंट. मग सव्वा तास सिस्टीम डिझाइन. मग ऑफिसात प्रत्यक्ष मॅनेजरबरोबर, त्यात जाण्यायेण्यासकट चार तास. शेवटी पाऊण तास एचआर, आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा. सगळं मिळून अकरा आठवडे. मी बेरीज करून आणली होती. जवळजवळ अठ्ठावीस तास, आणि त्यात तयारीचे तास धरलेले नाहीत.

"त्यातले एकोणीस एकट्या असाइनमेंटचे," मी म्हणाले. "मेलमध्ये लिहिलं होतं, तीन-चार तास पुरतील."

"काय होतं त्यात?"

"दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं छोटं सॉफ्टवेअर. वरवर सोपं. पण दोन माणसांनी एकाच क्षणी साडेदहाचीच वेळ मागितली तर? दोघांनाही 'वेळ मिळाली' असं दिसता कामा नये. ते प्रोग्रॅममध्ये तपासून भागत नाही, कारण दोघांची तपासणी एकदमच होते आणि दोघांनाही जागा रिकामी दिसते. म्हणून मी डेटाबेसमध्येच अट घातली, की एक डॉक्टर, एक वेळ, एकच नोंद. दुसरी आली की डेटाबेसनंच ती परतवायची. मग एकदम दोनशे मागण्या सोडून बघितलं. एकालाच वेळ मिळाली. रात्री अडीचला मला इतका आनंद झाला मामा, की वाटलं कुणाला तरी उठवून दाखवावं."

"बरोबर केलंस," मामा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुना प्रोग्रॅमर बोलला. "पुष्कळांना तिथंच कळत नाही."

"त्यांना कळलं का, मलाही माहीत नाही. गिटहबवर आपल्या कोडला किती जणांनी भेट दिली, किती जणांनी तो उतरवून घेतला, याचे मागच्या चौदा दिवसांचे आकडे दिसतात. मी रोज बघत होते. उतरवून घेणारे शून्य. बघणारा एक. आणि तो एक म्हणजे मीच असणार."

मामीच्या हातातली गवार थांबली.

मामा काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "हे चूक आहे. काम सांगायचं आणि बघायचं नाही, याचं समर्थन मी करणार नाही. पण बाकीच्यावर माझं ऐकून घेशील?"

त्याचं म्हणणं मी इथं पूर्ण मांडते, कारण ते खोटं नाही. करोनाच्या काळात त्यानं व्हिडिओवर एका मुलाची मुलाखत घेतली. उत्तरं चोख. फक्त ओठ आणि आवाज थोडे मागेपुढे होत होते. नेटवर्क खराब असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं. मुलगा रुजू झाला तेव्हा त्याला साधी क्वेरी लिहिता येईना. मुलाखत दुसऱ्यानंच दिली होती. एकदा अनुभवाचं पत्र देणारी कंपनीच अस्तित्वात नव्हती. आता तर प्रश्न विचारला की समोरच्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात, एआयचं उत्तर वाचून दाखवलं जातं. "गूगलसारख्या कंपनीनं २०२५ मध्ये निदान एक फेरी समोरासमोर घ्यायची असं ठरवलं ते उगाच नाही," तो म्हणाला. "तीन जागांसाठी माझ्यापुढे आठशे अर्ज येतात. मी काय चिठ्ठ्या टाकू? आणि चूक दोन्हीकडे होते. चांगला माणूस सुटला तर कंपनी बुडत नाही. वाईट माणूस आत आला तर चांगली चार माणसं वैतागून बाहेर जातात. म्हणून शंका आली की आम्ही सोडून देतो. नारायण मूर्तींनी विप्रोत अर्ज केला होता, त्यांना घेतलं नाही. ती मोठी चूक झाली असं विप्रोचे प्रेमजी पुढे त्यांना म्हणाले, हे मूर्तींनीच २०२४ मध्ये सांगितलं. विप्रो बुडाली का?"

"नाही बुडाली. पण आठशे अर्जांची भीती मला कशाला सांगतोस? सहाव्या फेरीला आठशे नव्हते. असतील तर चार-पाच."

"चार-पाचच असतात," तो म्हणाला.

"आणि तुझी मुलाखत किती दिवस चालली होती?"

मामा हसला. हा प्रश्न येणार हे त्याला माहीत असावं. सीप्झ १९७३ चं, निर्यातीच्या इलेक्ट्रॉनिक मालासाठी अंधेरीत उभारलेलं. सॉफ्टवेअरवाले तिथं मागून आले. मामा गेला तेव्हा गेटवर पास दाखवून आत जावं लागायचं आणि टर्मिनल पाळीपाळीनं मिळायचं. "सकाळी नऊला लेखी पेपर. दुपारी एकला यादी लागली. तीनला दोन साहेबांपुढे वीस मिनिटं. पाचला बाहेर येऊन सांगितलं."

"ज्यांना नाही घेतलं त्यांना?"

"त्यांनाही तेव्हाच. माझ्या शेजारचा मुलगा वाशिंदहून आला होता. त्याला नाही म्हणाले. आम्ही दोघं अंधेरी स्टेशनपर्यंत चालत गेलो." तो जरा थांबला. "पण त्या काळाचे गोडवे गाऊ नकोस. दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता माझ्याकडून. आणि तेव्हा संगणक येणारी माणसंच मोजकी, फारसं पारखायचं कारण नव्हतं. १९७८ मध्ये नंदन निलेकणी पटणी कॉम्प्युटर्समध्ये गेले आणि मूर्तींनी त्यांची मुलाखत घेऊन त्यांना निवडलं; तीन वर्षांनी ते दोघं आणखी पाच जणांबरोबर इन्फोसिस काढायला बाहेर पडले. तेव्हा हे सगळं क्षेत्र इतकं लहान होतं. आज तसं कसं करणार?"

मला त्याचा हा स्वभाव आवडतो. जुनं ते सोनं म्हणत तो बसत नाही. पण म्हणूनच मला त्याच्याशी पुढे भांडावंसं वाटलं.

"बरं, तुमची पारख तरी बरोबर माणूस दाखवते का? मामी, मागचं कोरं कॅलेंडरचं पान आहे का?"

मामीनं मागच्या महिन्याचं पान फाडून दिलं. मी पाठीमागे पाच आकडे लिहिले: ३, ०, १, ०, २.

"या ओळीनं उभ्या भिंती समज. पहिली तीन फूट, मग जमीन, मग एक फुटाची, मग जमीन, मग दोन फुटांची. प्रत्येकाची रुंदी एक फूट. धो धो पाऊस पडला. मध्ये किती पाणी साचेल? ऑनलाइन टेस्टमध्ये हा प्रश्न होता, आणि जगभर हजारो मुलाखतींत तो विचारतात. मी मोबाइलवर दहा मिनिटं लावते. तू काय विचार करतोस ते मोठ्यानं बोलत बोलत सोडवायचं. आम्ही दोघी बघतोय."

"हे काय, शाळेतलं गणित," मामा म्हणाला आणि पेन्सिल घेतली.

पहिलं मिनिट बरं गेलं. "ही तीनाची, ही एकाची. मध्ये खड्डा. पाणी लहान भिंतीपर्यंत भरणार, म्हणजे एक. मग ही एकाची आणि ही दोनाची, मध्ये पुन्हा एक. एकूण दोन." त्यानं वर बघितलं. मी काही बोलले नाही. मुलाखत घेणारे बोलत नाहीत. फक्त "ओके" म्हणतात आणि काहीतरी टाइप करतात. मी "ओके" म्हणाले आणि मोबाइलवर अंगठा फिरवला.

"चुकलं का?"

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

त्यानं पुन्हा पानाकडे बघितलं. पेन्सिल पहिल्या भिंतीवर, मग शेवटच्या, मग पुन्हा पहिल्या. "थांब... लहान भिंत... नाही, दोनच." कानाची पाळी लाल झाली होती. सदतीस वर्षं याच धंद्यात घालवलेला माणूस. मामी म्हणाली, "अहो, बोला ना, तिनं बोलत बोलत सांगितलंय." त्यावर तो चिडून म्हणाला, "तू जरा तिकडे बघ गं!" आठ मिनिटं झाली तेव्हा त्यानं पेन्सिल ठेवली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

तिथून त्याचा आवाज आला. "अगं, त्या एकाच्या भिंतीवरूनही पाणी जाणार! ती बुडेलच ना! डावीकडची सगळ्यात उंच तीन, उजवीकडची दोन, म्हणजे सगळीकडे दोनपर्यंत पाणी. दोन, एक, दोन. पाच!"

आणि तो ग्लास हातात घेऊन तसाच दारात उभा राहिला.

"बघितलंस?" मी म्हणाले. "मामी नाही, मी नाही, फिल्टरसमोर एकटा, आणि अर्ध्या मिनिटात सुटलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २०२० मध्ये नेमकं हेच करून बघितलं. संगणकशास्त्राचे ४८ विद्यार्थी. निम्म्यांनी फळ्यावर, परीक्षकापुढे, मोठ्यानं बोलत प्रश्न सोडवायचा. निम्म्यांनी तोच प्रश्न बंद खोलीत एकट्यानं. समोर कुणी बसलेलं असताना विद्यार्थ्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. आणि त्यातल्या मुली? संख्या लहान होती, मान्य. पण समोर माणूस बसवलेल्या सगळ्या मुली नापास, आणि एकट्यानं सोडवणाऱ्या सगळ्या पास. मग तुम्ही प्रोग्रॅमिंग तपासता की धीटपणा?"

मामा येऊन बसला. पान त्यानं स्वतःकडे ओढून घेतलं, पाच आकड्यांवर पाण्याची रेघ मारली. "माझं एक ऐक. बँकेचं सर्व्हर रात्री दोनला पडलं की फोनवर चाळीस माणसं असतात. तेव्हाही सगळे बघतच असतात. तेव्हा मला पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघरात जाता येत नाही. दडपणाखाली जो कोलमडतो त्याला मी कसा घेऊ?"

"त्या रात्री मी कोलमडले नाही कधी. तिथं सिस्टीम माझ्या ओळखीची असते. लॉग्ज असतात, शेजारी कुणीतरी असतं ज्याला विचारता येतं. ते दडपण कामाचं आहे. हे दडपण फक्त तुमच्या चेहऱ्याचं."

"असेल. पण मला तुझी सिस्टीम दाखवता येत नाही ना मुलाखतीत. मग मी काय दाखवू?"

हा प्रश्न त्यानं खरंच विचारला होता आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. मी म्हणाले की दोन तासांचा, खऱ्या कामासारखा, बिघडलेला प्रोग्रॅम द्या आणि तो दुरुस्त करायला सांगा, शेजारी बसून गप्पा मारत. तो म्हणाला की तो प्रोग्रॅम पुढच्या आठवड्यात टेलिग्रामवर फिरत असतो. दोघांचंही खरं होतं.

मग मी माझ्या मनातली मुख्य गोष्ट काढली. ती मला सहाव्या फेरीहून परत येताना, मेट्रोत उभ्या उभ्या सुचली होती.

"मामा, तुमच्या परीक्षेत पहिली पात्रता कुठली आहे माहितेय? मोकळा वेळ. ते पाण्याचं कोडं ज्याला येतं, त्याला ते सुचलेलं नसतं, त्यानं आधी सोडवलेलं असतं. माझ्या टीममधला एक मुलगा गोरेगावला पीजीत राहतो. त्यानं नोकरी बदलायच्या आधी तीनशे प्रश्न सोडवले. हुशार आहे तो, कष्टाळू आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं बघ. पाळणाघर साडेसातला बंद होतं. सहा चाळीसची विरार चुकली की मी तिथल्या ताईंना फोन करून विनवते. पोराला जेवू घालून झोपवेपर्यंत साडेदहा. अकराला लॅपटॉप उघडते आणि पहिल्याच प्रश्नाला डोळे मिटतात. त्या मुलाला आणि मला तुम्ही एकच पेपर देता आणि म्हणता, गुणवत्तेवर निवड. माझ्या नऊ वर्षांत मी जे बांधलं ते तुमच्या पेपरात कुठेच येत नाही. येतं ते एवढंच, की यंदा माझ्याकडे रात्रीचे किती तास होते."

मामी हळूच म्हणाली, "आणि मूल कुणाकडे असतं, हे विचारलं असेलच."

"विचारलं. सहाव्या फेरीत. 'लहान आहे, मॅनेज होईल ना?' मी म्हणाले, होईल. बाहेर पडल्यावर वाटलं, माझ्या नवऱ्यानं पाच वर्षांत तीन मुलाखती दिल्या, त्याला हे एकदाही विचारलं नाही."

"मला ब्याण्णव साली हेच विचारलं होतं," मामी म्हणाली आणि गवारीचे देठ गोळा करून आत गेली.

मामा बराच वेळ बोलला नाही. मग उलट बाजूनं आला, आणि ती बाजूही मला लिहिलीच पाहिजे. "आमचा वेळ तू धरलास का? आम्ही चौघं एका उमेदवारामागे सहा-सात तास घालवतो. होकार देतो. तो सही करतो. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, आम्ही जागा अडवून थांबतो. एकोणनव्वदाव्या दिवशी फोन बंद. त्यानं आमची ऑफर दाखवून तिसरीकडे तीस टक्के वाढवून घेतलेली असते. गेल्या वर्षी माझ्याकडे पाचपैकी दोघांनी हे केलं. तेव्हा कोण कुणाला उत्तर देतं?"

"चूकच आहे ते. पण नव्वद दिवस कुणी घातले? महिन्याभराची नोटीस होती ती तिप्पट केली कंपन्यांनीच, माणूस सुटू नये म्हणून. आता तोच दोर तुमच्याच पायात अडकतोय. आणि ऑफर मोडायचं म्हणत असशील तर फेब्रुवारी २०२३ आठव. विप्रोनं ज्या मुलांना साडेसहा लाखांचं पॅकेज देऊ केलं होतं, त्यांना विचारलं की साडेतीन लाखांवर येता का. इन्फोसिसनं २०२२ च्या बॅचला पत्रं दिली आणि मुलं दोन-दोन वर्षं बसून राहिली. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा सुमारे २,००० होता. दोन हजार घरांत रोज सकाळी मेल उघडून बघत असतील. उमेदवार फसवतो तेव्हा एक जागा रिकामी राहते. कंपनी थांबवून ठेवते तेव्हा कुणाचं तरी लग्न थांबतं, कर्जाचा हप्ता थांबतो."

"हं," मामा म्हणाला. त्याचा 'हं' म्हणजे मान्य नसतं, पण नाकारलेलंही नसतं.

चहा आला. बाहेर अंधारून आलं होतं, गव्हाणपाड्याच्या बाजूनं ढग उतरत होते. मामानं कप हातात धरून विचारलं, "तुला काय हवं होतं? खरं सांग. नोकरी?"

"नोकरी हवी होती. पण नाही मिळाली असती तर दोन दिवस रडून मोकळी झाले असते. मला 'नाही' हवं होतं, मामा. एका ओळीचं. पाच आठवडे मी दुसरीकडे मन लावून अर्ज केला नाही, कारण वाटायचं, येईल उत्तर. सध्याच्या ऑफिसात नवीन प्रोजेक्टला हो म्हणाले नाही. पोराची शाळा बदलायची का, ठरवता येईना. अठ्ठावीस तास मी स्वतःहून दिले, त्याबद्दल बोलत नाही. हे नंतरचे पाच आठवडे त्यांनी घेतले, आणि ते त्यांच्या कुठल्याच हिशेबात नाहीत."

"नकार लिहून दिला की लोक वाद घालतात. कायद्याचं लचांड मागे लागतं, असं एचआर म्हणतं."

"कॅनडात ओन्टारिओ प्रांतानं कायदाच केलाय. माझी कॉलेजची मैत्रीण मिसिसागाला आहे, तिनं सांगितलं. १ जानेवारी २०२६ पासून, पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीनं मुलाखत घेतली, की शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत उमेदवाराला कळवायचं, निर्णय झाला की नाही. कारण सांगायची सक्तीसुद्धा नाही. फक्त कळवायचं. तिथल्या कंपन्या जमवतील, तर चकाल्यात का जमू नये?"

"फेऱ्या कमी करता येतील," मामा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "गूगलनं आपल्याच मुलाखतींचा हिशेब मांडला होता. चार मुलाखतींत ८६ टक्के खात्री होते, पुढच्या प्रत्येक मुलाखतीनं फारशी भर पडत नाही. आमच्याकडे सहा आहेत. पाचवी आणि सहावी कशासाठी आहेत, मला विचारशील तर... साहेब लोकांना आपणही बघितलं असं वाटावं म्हणून."

हे त्यानं कबूल केलं याचं मला नवल वाटलं. मी आणखी जोर लावला असता, पण त्याआधीच तो उठला आणि बेडरूममधून ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आला. रविवारी मामा तो कधीच उघडत नाही.

"जूनपासून शेवटच्या फेरीपर्यंत आलेले किती, बघू." चष्मा कपाळावरून खाली आला. यादीत सहा नावं निघाली. दोघांना ऑफर गेली होती. उरलेल्या चौघांपुढच्या रकान्यात काहीच नव्हतं.

"एचआरनं कळवलं असेल," तो म्हणाला. मग मेल शोधले. कळवलं नव्हतं.

मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

त्यानं पहिलं उत्तर लिहायला घेतलं. दोन बोटांनी टाइप करतो तो, अजूनही. पहिल्याला लिहिलं की डेटाबेसचं काम उत्तम, पण या जागेला क्लाऊडचा प्रत्यक्ष अनुभव हवा होता, निर्णय नाही असा आहे, वेळ दिल्याबद्दल आभार, आणि उशिराबद्दल माफी. दुसरीला लिहिलं की तिच्यात आणि निवडलेल्या मुलात फार थोडं अंतर होतं, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा. ते वाचून मी म्हणाले, खरं असेल तरच लिही. तो म्हणाला, खरं आहे. तिसऱ्याला चार ओळी. सोमवारी सकाळी एचआरच्या नजरेखालून घालून पाठवतो म्हणाला, आणि ड्राफ्टमध्ये ठेवले.

चौथं नाव घाटकोपरच्या एका मुलाचं होतं. पाच वर्षं अनुभव. मामानं मुलाखतीची नोंद उघडली. चौघा परीक्षकांपैकी तिघांनी काहीच लिहिलं नव्हतं. चौथ्यानं लिहिलं होतं, 'नॉट अ फिट'. तो चौथा म्हणजे मामाच.

"का लिहिलं होतंस?"

त्यानं चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. "आठवत नाही."

माणसं निवडण्याच्या पद्धतींवर गेली शंभर वर्षं संशोधन चाललं आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पॉल सॅकेट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सगळे निष्कर्ष पुन्हा तपासले, तेव्हा सगळ्यात वर आली ती आखून घेतलेली मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, प्रत्येक उत्तराला आधी ठरलेले गुण, आणि ते तिथल्या तिथं लिहून ठेवायचे. हे मी मामाला सांगणार होते. पण तो त्या दोन शब्दांकडे असा बघत बसला होता, की मला सांगवेना.

त्यानं सहकाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे टीव्हीचा आवाज. "कोण? ऑगस्टमधला? निळा शर्ट? नाही हो, तो दुसरा. मला काही आठवत नाही, सर. का, काय झालं?" मामा म्हणाला, काही नाही, आणि फोन ठेवला.

"मग काय लिहू?" त्यानं मला विचारलं.

दुपारपासून माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. आता नव्हतं. "आठवत नाही, असंच लिही," मी म्हणाले, पण बोलतानाच कळलं की ज्यानं सहा फेऱ्या दिल्या त्याला हे वाचून काय वाटेल.

"असं लिहिता येत नाही गं," मामा म्हणाला. "फोनच करतो त्याला. बोलतो. वाटलं तर पुन्हा बोलावतो." त्यानं बायोडेटावरचा नंबर बघत आकडे दाबायला सुरुवात केली.

मामी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वानऊ वाजले होते.

"अहो, रविवारी रात्री कंपनीतून फोन आला, तर त्या मुलाला वाटेल ऑफरच आली. घरच्यांना उठून सांगेल तो, तुम्ही तोंड उघडायच्या आत."

मामाचं बोट सहाव्या आकड्यावर थांबलं. त्यानं आकडे एकेक करून पुसले.

"उद्या करतो," तो म्हणाला. "दुपारी, जेवणाच्या सुट्टीत."